तीन हेम्प आणि एक बांध

हिंगोली जिल्ह्यात भाद्रपदाच्या सुमारास एखाद्या कापसाच्या शेताच्या बांधाला लागून अंबाडीची ओळ उभी दिसते. पूर्वीइतकी नाही, पण दिसते. सरळ काटक खोड, पुरुषभर उंची, आणि शेंड्याकडची पानं हाताची बोटं पसरावीत तशी फाटलेली, कडेला बारीक दाते. या ओळीचे दोन उपयोग पिढ्यानुपिढ्या ठरलेले होते. कोवळी पानं खुडून ज्वारीच्या कण्या घालून भाजी करायची, आणि झाड निबर झालं की कापून, जुड्या बांधून, पाण्यात कुजत घालून त्याचा वाख काढायचा. त्या वाखातून कासरे, दावी, चऱ्हाटं वळली जात. आज पोळ्याच्या बाजारात निळे-पिवळे नायलॉनचे कासरे टांगलेले असतात, त्यामुळे दुसरा उपयोग जवळपास संपला. भाजी टिकली.

शहरातल्या कुणी हे पान पहिल्यांदा पाहिलं तर तो जरा चपापतो, कारण असंच पान त्यानं टी-शर्टवर पाहिलेलं असतं. त्याची चूक नाही. खुद्द लिनियसला या पानात भांगेचं पान दिसलं आणि त्यानं अंबाडीचं नाव ‘हिबिस्कस कॅनाबिनस’ ठेवलं, म्हणजे भांगेसारखी जास्वंद. अंबाडी ही जास्वंदीच्या, भेंडीच्या, कापसाच्या कुळातली. भांगेशी तिचं रक्ताचं नातं काहीच नाही. आपल्याकडे या दोघींच्या नावांत कधी गोंधळ झाला नाही. गोंधळ केला इंग्रजीनं.

इंग्रजांच्या आरमाराला दोर लागत आणि ते दोर ज्या झाडापासून होत त्याला ते हेम्प म्हणत. तो माल प्रामुख्यानं रशियातून येई. हिंदुस्थानात आल्यावर दोराला लायक जे जे झाड दिसलं त्याला त्यांनी हेम्पच म्हटलं. ताग झाला ‘सन हेम्प’. अंबाडी झाली ‘डेक्कन हेम्प’. क्रिमियाच्या युद्धात रशियाशी वाकडं आलं, तेव्हा रशियन हेम्पला पर्याय कोणता याची चर्चा जोरात सुरू झाली. जॉन फोर्ब्स रॉयल यांचं भारतातल्या धाग्याच्या वनस्पतींवरचं जाडजूड पुस्तक त्याच काळात, 1855 साली आलं, आणि त्यात आपला ताग आणि आपली अंबाडी दोघंही सन्मानानं बसली आहेत. (मराठीनंही थोडी भर घातलीच. शाळेच्या भूगोलात बंगालच्या ज्यूटला आपण ‘ताग’ म्हणतो, आणि शेतकरी हिरवळीच्या खतासाठी पेरतो तो ताग वेगळाच. परीक्षेत दोन्ही चालतात.)

म्हणजे एक हेम्प दोरवाल्याचा झाला. दुसरा हेम्प कायद्याचा आहे. 1985 चा केंद्रीय कायदा, ज्याचं मराठी नाव ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’ असं एका दमात न म्हणता येणारं आहे आणि म्हणून ठाण्यात, कोर्टात, वर्तमानपत्रात सगळेच ज्याला एनडीपीएस म्हणतात, त्याच्या व्याख्येत ‘कॅनाबिस (हेम्प)’ म्हणजे चरस, गांजा आणि त्यांची मिश्रणं. तिथे हेम्प म्हणजे नशेची वस्तू. तिसरा हेम्प बाजारातला. तेलाच्या बाटलीवर, प्रोटीन पावडरच्या डब्यावर, महागड्या शर्टाच्या लेबलावर जो असतो तो. तिथे हेम्प या शब्दाचा अर्थ बरोबर उलटा, म्हणजे ज्यात नशा नाही ते. एकाच शब्दाचे हे तीन अर्थ डोक्यात वेगळे ठेवले नाहीत तर हेम्पच्या शेतीबद्दलची कोणतीही चर्चा पाच मिनिटांत गढूळ होते. ‘सरकारनं हेम्पला परवानगी दिली’ ही बातमी वाचून एखादा शेतकरी तहसीलला जातो, आणि तिथला कारकून त्याच्याकडे संशयानं पाहतो. दोघंही आपापल्या अर्थानं बरोबर असतात.

आता झाडाकडे येऊ. भांगेचं झाड एकच, शास्त्रीय नाव ‘कॅनाबिस सटायव्हा’. त्यात नर वेगळा, मादी वेगळी. नशा आणणाऱ्या द्रव्याला टीएचसी म्हणतात आणि ते मुख्यतः मादीच्या फुलोऱ्यावरच्या चिकट राळेत साठतं. पानात कमी असतं. बियात आणि खोडाच्या धाग्यात जवळपास नसतंच. बियाला जे लागतं ते बाहेरून फुलोऱ्याच्या राळेचं. त्यामुळे एकाच झाडापासून माणसानं चार वेगवेगळ्या गोष्टी घेतल्या. फुलोरा म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, पान म्हणजे भांग, आणि खोड-बी म्हणजे दोर, कापड, तेल. शेती करण्याची पद्धतही त्यानुसार बदलते. धाग्यासाठी पेरलं तर दाट पेरायचं, एका चौरस मीटरमध्ये शे-दीडशे रोपं, म्हणजे फांद्या न फुटता खोड सरळ वर जातं आणि फुलोरा धरण्याआधी किंवा धरताना कापणी होते. गांजासाठी लावलं तर रोपं दूर दूर, आणि नर ओळखून उपटून टाकायचे, कारण मादीत बी धरलं की मालाची प्रत उतरते. बंगालात नर उपटण्यासाठी जाणकार माणसं ठेवत, त्यांना पोद्दार म्हणत. शेतावरून नुसती नजर टाकली तरी हे पीक कशासाठी लावलं आहे ते कळतं. कायदा मात्र शेतावरून नजर टाकत नाही. तो झाडाचे तुकडे करून पाहतो.

हे तुकडे कसे केले ते समजायला जरा मागं जावं लागतं. 1893 च्या मार्चमध्ये ब्रिटिश संसदेत डब्ल्यू. एस. केन या खासदारांनी हिंदुस्थानातल्या गांजाच्या व्यापाराबद्दल प्रश्न विचारला. केन दारूबंदीवाले. त्यातून ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमलं गेलं. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. कमिशननं 1,193 साक्षी नोंदवल्या आणि 1894 मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. मुंबई इलाख्यात गांजाची लागवड मुख्यतः अहमदनगर आणि सातारा भागात होती. मध्य प्रांतात ती खंडवा तहसिलीत परवान्यानं होत असे आणि माल सरकारी गोदामात जमा करावा लागे. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात, हैदराबाद कंटिंजंटची छावणी असलेलं गाव. पैनगंगा ओलांडली की पलीकडे वाशीम, म्हणजे वऱ्हाड, इंग्रजांच्या ताब्यातलं. नदीच्या एका काठाला एक आबकारी, दुसऱ्या काठाला दुसरी.

कमिशननं संपूर्ण बंदी नको असं सांगितलं. माफक वापरानं सहसा नुकसान होत नाही, अतिरेकानं होतं, आणि बंदी घातली तर लोक दारूकडे वळतील, असा एकंदर सूर. उपाय म्हणून सुचवलं ते असं: परवाना द्या, लागवड ठरावीक भागात आणा, माल एका गोदामात जमा करा, दुकानं मोजकी ठेवा आणि कर वाढवत न्या. महसूलही मिळेल आणि वापरही आवरेल. साम्राज्याला हा सल्ला मानवला नसता तरच नवल.

या व्यवस्थेतून निघालेली एक गोष्ट सहकाराच्या महाराष्ट्रात सांगण्यासारखी आहे. आजच्या बांगलादेशातल्या नौगाव इथं 1917 मध्ये गांजा उत्पादकांची सहकारी सोसायटी स्थापन झाली. आपल्याकडचा प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहायला अजून तीस-बत्तीस वर्षं होती. या सोसायटीच्या नफ्यातून शाळा, दवाखाने, रस्ते झाले. साखर कारखान्याच्या परिसरात वाढलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल, फक्त उसाच्या जागी गांजा. 1980 च्या दशकात बांगलादेशात लागवडीवर बंदी आली आणि ते पर्व संपलं.

भारतातलं पर्वही त्याच दशकात संपलं. कारण 1961 चा अंमली पदार्थांवरचा आंतरराष्ट्रीय करार. ज्या देशांत भांग-गांजाचा पारंपरिक वापर आहे त्यांनी करार अमलात आल्यापासून 25 वर्षांत तो बंद करावा, असं त्यात होतं. करार 1964 च्या डिसेंबरमध्ये अमलात आला, म्हणजे मुदत 1989 पर्यंत. भारतानं 1985 मध्ये कायदा केला आणि 14 नोव्हेंबरला तो लागू झाला. पण भारतानं करारावरच्या चर्चेत एक गोष्ट राखली होती, आणि तिचं श्रेय होळीला नि महाशिवरात्रीला द्यायला हरकत नाही. फुलोऱ्याशिवायचं नुसतं पान आणि बी व्याख्येबाहेर ठेवलं गेलं. करारात आणखी एक वाक्य आहे, ज्याकडे आपल्याकडे फार उशिरा लक्ष गेलं: निव्वळ धागा आणि बियांसाठीच्या, म्हणजे औद्योगिक लागवडीला हा करार लागू नाही.

भारतीय कायद्यात त्याचं प्रतिबिंब असं पडलं. कलम 8 भांगेचं कोणतंही झाड लावायला मनाई करतं. कलम 20 (अ) त्याची शिक्षा सांगतं: 10 वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि 1 लाखापर्यंत दंड. कलम 10 राज्य सरकारला लागवडीचं नियंत्रण करण्याचा अधिकार देतं. आणि कलम 14 म्हणतं की कलम 8 मध्ये काहीही असलं तरी सरकार सर्वसाधारण किंवा विशेष आदेश काढून, अटी घालून, धागा किंवा बी मिळवण्यासाठी किंवा बागकामासाठी लागवडीची मुभा देऊ शकतं. किल्ली कायद्यातच ठेवलेली आहे. ती राज्याच्या हातात आहे. उत्तराखंडनं ती 2018 मध्ये प्रयोगादाखल फिरवली आणि टीएचसी 0.3 टक्क्यांच्या आतच हवं अशी अट घातली. हिमाचलनं 2023 मध्ये महसूलमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि 2025 च्या जानेवारीत तिथल्या मंत्रिमंडळानं पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांमार्फत पथदर्शी प्रयोगाला मंजुरी दिली. गोव्यात 2020 च्या अखेरीस औषधी लागवडीचा प्रस्ताव कायदा खात्यापर्यंत पोचला, गदारोळ झाला आणि तिथंच थांबला. महाराष्ट्रानं शेतकऱ्याला बी किंवा धाग्यासाठी पेरता येईल असा सर्वसाधारण आदेश काढलेला नाही.

आता एकाच झाडाचे तुकडे कोणकोणत्या टेबलावर जातात ते पाहा. बी जातं अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये प्राधिकरणानं हेम्पचं बी, तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली आणि मर्यादा ठरवल्या: बियात टीएचसी किलोमागे 5 मिलिग्रॅम, तेलात 10. पान जातं दोन ठिकाणी. औषध म्हणून ते ‘विजया’ या नावानं आयुषकडे. 1945 च्या औषध नियमांच्या ई-1 परिशिष्टात, विषारी द्रव्यांच्या यादीत भांग आहे, बी वगळून. आणि प्यायची भांग म्हणून ते राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याकडे. केंद्राच्या कायद्यानं पान सोडलं, पण मुंबई राज्याचा 1949 चा मद्यनिषेध कायदा, जो आता महाराष्ट्राचा म्हणवला जातो, त्याच्या व्याख्येत भांग स्पष्ट आहे. म्हणून राजस्थानात, उत्तर प्रदेशात सरकारमान्य भांगेची दुकानं असतात, आणि औंढा नागनाथला महाशिवरात्रीला कितीही गर्दी झाली तरी इथं विनापरवाना भांग बाळगणं गुन्हाच. फुलोरा आणि राळ जातात पोलिसांकडे आणि अंमली पदार्थ नियंत्रण ब्युरोकडे. उभं झाडही तिकडेच.

डब्यातलं बी अन्न, औषधाच्या वाटीतलं पान विजया, लोट्यातलं पान मद्यनिषेध, आणि हे सगळं ज्याच्यावर येतं ते झाड मात्र दहा वर्षं. मुंबईत 2013 पासून हेम्प हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशी बॉम्बे हेम्प कंपनी आहे, तिची उत्पादनं शहरात राजरोस विकली जातात. त्याच राज्यात सेनगाव किंवा कळमनुरीच्या शेतकऱ्यानं उगवणारं बी विकत आणून सरीत टाकलं तर तो आरोपी. शहरी ग्राहकाला झाडाचे तुकडे वेगवेगळे मिळतात, त्यामुळे त्याला हा कायदा सैल वाटतो. शेतकऱ्याला तुकड्यांत पीक घेता येत नाही. त्याला अख्खं झाडच लावावं लागतं.

हा तुकड्यांचा हिशेब न्यायालयांनाही डोकेदुखी आहे. गांजाची अल्प मात्रा 1 किलोपर्यंत, व्यापारी मात्रा 20 किलोच्या वर. व्यापारी मात्रा ठरली की कलम 37 मुळे जामीन मिळणं फार अवघड. म्हणून वजन कशाचं केलं हा प्रश्न कळीचा. शेतातल्या छाप्यात झाडं मुळासकट उपटली जातात, कधी मुळांना माती असते, खोड ओलं असतं, आणि पंचनाम्यात एकच आकडा येतो. पण व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे फुलोरा; खोड नाही, माती तर नाहीच. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी एका जामीन प्रकरणात नेमका हाच मुद्दा धरला. जप्त केलेला हिरवट पालेदार माल जवळपास 48 किलो होता, पण त्यात फुलोरा असल्याचा उल्लेख नव्हता. मग तो सगळा गांजा आणि म्हणून व्यापारी मात्रा, असं कसं म्हणायचं? जामीन मिळाला. शेतकऱ्याला या निकालाचा दिलासा अर्धाच आहे. लागवडीच्या गुन्ह्यात वजन लागतच नाही. एक झाड पुरतं. फक्त ते लावलेलं, जोपासलेलं असलं पाहिजे. आपोआप रानात उगवलेलं झाड म्हणजे लागवड नव्हे, असं काही उच्च न्यायालयांनी म्हटलं आहे.

आणि गावातली जबाबदारी एकट्या शेतकऱ्याची नाही. कलम 46 प्रमाणे जमीनमालकानं स्वतःहून कळवलं पाहिजे. कलम 47 त्याहून पुढं जातं: सरकारी अधिकारी, पंच, सरपंच आणि कोणताही ग्राम अधिकारी, यांना अशी लागवड माहीत झाली आणि त्यांनी कळवलं नाही तर तेही शिक्षेला पात्र. म्हणजे पोलीस पाटील आला, तलाठी आला. पिकाची नोंद करायला बांधावर जायचं आणि दिसलं ते न पाहिल्यासारखं करायचं, ही सोय कायद्यानं ठेवलेली नाही. मराठवाड्यातल्या दैनिकांत दर हंगामाच्या शेवटी येणारी बातमी, तुरीच्या पिकात किंवा हळदीच्या सरीत लपवलेली झाडं, इतके किलो, इतक्या लाखांचा मुद्देमाल, ही अनेकदा अशाच कुणीतरी दिलेल्या खबरीतून जन्मते. कधी कर्तव्यानं, कधी बांधाच्या भांडणातून.

लोक मग परवानगी मागतात. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना पत्र दिलं की कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही, दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या; 15 सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर परवानगी आहे असं समजून दुसऱ्या दिवसापासून लावीन, आणि गुन्हा झाला तर जबाबदार प्रशासन. जिल्हाधिकारी कार्यालयानं पत्र पोलिसांकडे पाठवलं, पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा खटाटोप म्हटलं. ‘निवेदन’ हा आपल्या ग्रामीण भागातला एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच झाला आहे. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये हिंगोलीच्याच सेनगाव तालुक्यात गोरेगावच्या दहा शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी स्वतःचे अवयव विकत घ्या असं निवेदन दिलं होतं. या पत्रांचा अर्थ शब्दशः घ्यायचा नसतो. पण मोहोळचं पत्र मी एकदा शब्दशः घेऊन पाहिलं, आणि दोन गोष्टी जाणवल्या. पत्र गेलं जिल्हाधिकाऱ्यांकडे, ज्यांना असा अधिकारच नाही. तो राज्य सरकारचा. आणि मागितला गेला गांजा, म्हणजे झाडाचा नेमका तो तुकडा ज्याला कलम 14 हात लावत नाही. ‘धागा आणि बियांसाठी’ असे तीन शब्द त्यात असते तर ते पत्र पोलिसांकडे न जाता मंत्रालयात गेलं असतं का? गेलं असतं असं मला वाटत नाही. पण निदान नाकारणाऱ्याला कायद्याचं पुस्तक उघडावं लागलं असतं.

समजा उघडलं, आणि आदेश निघाला. हिंगोलीत हे पीक येईल का? याचं उत्तर कायद्यात नाही, सूर्यात आहे. भांग हे दिवसाच्या लांबीवर चालणारं झाड. दिवस लांब असेपर्यंत वाढतं, दिवस लहान होऊ लागला की फुलतं. युरोपातली धाग्याची वाणं फ्रान्स, युक्रेनसारख्या उत्तरेकडच्या देशांत तयार झाली, जिथं जूनमधला दिवस सोळा तासांचा असतो. हिंगोली साधारण पावणेवीस अंश अक्षांशावर. आपला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. फ्रेंच बियाणं मृगात पेरलं तर ते उगवल्या उगवल्याच शरद ऋतू आला असं समजेल, गुडघा-मांडीएवढं झालं की फुलोरा धरेल, आणि धागा मिळेल तो सुतळीलाही पुरायचा नाही. उलट उत्तराखंड-हिमाचलच्या डोंगरातली देशी वाणं उंच होतात, पण त्यांच्यात टीएचसी जास्त. 0.3 च्या रेषेत ती बसत नाहीत, बसवायला निवड करत पिढ्या घालवाव्या लागतात.

ही 0.3 टक्क्यांची रेषा तरी कुठून आली? अर्नेस्ट स्मॉल या कॅनडातल्या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1976 मध्ये वर्गीकरणाच्या सोयीसाठी ती सुचवली, आणि ती सोयीपुरतीच आहे हे त्यालाही मान्य होतं. पुढं अमेरिकेनं, उत्तराखंडनं तीच उचलली. एका संशोधकाच्या फुटपट्टीवर एखाद्या शेतकऱ्याचं पीक 0.28 ला कापड आणि 0.35 ला गुन्हा ठरतं. त्यात शेजारच्या चोरट्या झाडाचे परागकण वाऱ्यावर कित्येक किलोमीटर येतात, तुमच्या माद्या फळवतात, आणि तुम्ही राखलेलं बी पुढच्या वर्षी रेषेच्या पलीकडे जातं.

म्हणून हिंगोलीनं डेहराडूनकडे पाहून उपयोग नाही. पाहायचं तर थायलंडच्या चिआंग माईकडे. अक्षांश पावणेएकोणीस, म्हणजे जवळपास आपलाच सूर्य. तिथल्या डोंगरात मोंग लोक पिढ्यानुपिढ्या भांगेच्या धाग्याचं कापड विणतात. तिथल्या डोंगरी संशोधन संस्थेनं त्यांच्याच झाडांतून निवड करत कमी टीएचसीची वाणं काढली, आरपीएफ-1 ते आरपीएफ-4 या नावांनी. चीनच्या युन्नानमध्येही ‘युनमा’ हे वाण असंच स्थानिक झाडांतून निघालं, आणि 2010 पासून तिथं लागवडीला परवाना पद्धत आहे. आपल्याकडं हे काम परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाचं. त्यांनी तूर, ज्वारी, कापसाची वाणं काढली. हेही काढतील, पण झाड हातात धरायलाच त्यांना आदेश लागतो.

आणि परवाना म्हणजे काय असतं हे भारताला माहीत नाही असं नाही. मंदसौर, नीमच, चित्तोडगडचा अफूवाला शेतकरी दर वर्षी केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचा परवाना घेतो. शेत मोजलं जातं, गावागावात लंबरदार असतो, निघालेली सगळी अफू सरकारलाच, सरकारी भावानं द्यायची. सरासरी उतारा कमी पडला की पुढच्या वर्षीचा परवाना धोक्यात. ही व्यवस्था जाचक आहे, तिच्यात चोऱ्याही होतात, पण ती चालते. अफूसारखं जहाल पीक ज्या देशात परवान्यानं पिकतं तिथं दोराचं झाड परवान्यानं पिकू नये याला शास्त्रीय कारण देता येत नाही.

आर्थिक कारण मात्र देता येतं, आणि हेम्पची जाहिरात करणारे ते सांगत नाहीत. हळदीला हिंगोली आणि वसमतचा बाजार आहे, सौदे आहेत, आता वसमत हळदीला भौगोलिक मानांकनही आहे. शेतकरी पोतं घेऊन गेला की संध्याकाळपर्यंत भाव कळतो. हेम्पचं खोड घेऊन तो कुठं जाणार? धागा सोलणारं यंत्र नाही, कुजत घालायला कयाधूचं पाणी उन्हाळ्यात नाही आणि असलं तरी ते सडवणं परवडणारं नाही, टीएचसी तपासणारी प्रयोगशाळा तालुक्यात नाही, आणि दर शेताच्या तपासणीचं बिल कोण देणार हाही प्रश्नच आहे. अमेरिकेनं 2018 मध्ये दार उघडलं, पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच पेरा इतका वाढला की भाव कोसळले आणि कित्येकांचा माल गोदामात कुजला. सोयाबीनवाल्याला ही गोष्ट वेगळी सांगायची गरज नाही.

पहिली पेरणी करायची तर ती शेतकऱ्याच्या रानात नको. परभणीच्या विद्यापीठाच्या कुंपणात, कलम 14 खालच्या एका विशेष आदेशानं, दहा-वीस गुंठ्यांत, चार-पाच वाणं शेजारी शेजारी. एका बाजूला चिआंग माईचं, एका बाजूला हिमाचलचं, आणि तुलनेसाठी एक पट्टा अंबाडीचा, एक तागाचा. कदाचित असंही निघेल की या मातीत, या सूर्यात आपली अंबाडीच जास्त वाख देते. तसं झालं तर तिला कुठलाच परवाना लागणार नाही.

त्या प्लॉटवर पंचनाम्याला आलेल्या कुणालाही भांगेच्या आणि अंबाडीच्या पाच-सहा आठवड्यांच्या रोपांत फरक सांगणं जड जाईल. दोघांचीही पानं बोटं पसरलेली. मग पावसाळा सरता सरता अंबाडीला फिकट पिवळं फूल येतं, मध्ये जांभळट लाल डोळा असलेलं. भांगेच्या फुलाला पाकळ्याच नसतात.